शिरोलीतल्या फाउंड्रीची ईमेल यादी साफ करताना : प्रकल्प नोंदी

आमचं फाउंड्रीचं, म्हणजे ओतकामाचं युनिट कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आहे. पंप आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्यांसाठी ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या दोन प्रकारांची कास्टिंग करतो, मशिनिंगही इथेच. निर्यात थोडी आहे, ती वाढवायची तर ओळख नसलेल्या परचेस विभागांना स्वतःहून लिहिणं भाग आहे. मार्चमध्ये जुन्या यादीतल्या सुमारे सहाशे पत्त्यांवर कंपनीच्या मुख्य डोमेनवरून (पत्त्यातला अॅटनंतरचा भाग) एकदम मेल गेले. ढीगभर परत आले. पुढच्याच आठवड्यात नेहमीच्या गिऱ्हाइकाला पाठवलेली पॅकिंग लिस्ट त्याच्या स्पॅममध्ये पडून राहिली. तिकडे कंटेनर बंदरात आणि इकडे आम्ही कागद गेले म्हणून निश्चिंत. तेव्हापासून ठरलं की यादी साफ झाल्याशिवाय एकही अनोळखी मेल जाणार नाही. हे काम माझ्याकडे आलं. असंच काम हाती घेणाऱ्या दुसऱ्या लहान कारखान्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

१ जुलै २०२५, मंगळवार

सगळ्या याद्या एका शीटमध्ये ओतल्या. ४,१८० ओळी झाल्या. त्या चार ठिकाणांहून आलेल्या: प्रदर्शनांत जमवलेली व्हिजिटिंग कार्डं (साधारण १,१५०), आमच्याच मेलबॉक्समध्ये आलेल्या एन्क्वायऱ्या (६४०), प्रदर्शनांच्या कॅटलॉगमधून आणि व्यापारी डिरेक्टऱ्यांतून टाइप केलेले पत्ते (८९०), आणि दोन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून विकत घेतलेली यादी (१,५००).

साफसफाईला हात लावण्याआधी दोन रकाने वाढवले: 'कुठून आला' आणि 'कोणत्या साली'. एवढ्यातच दिवस गेला, कारण जुन्या फायलींना नुसती 'न्यू', 'न्यू फायनल' अशी नावं होती. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला जिफा या फाउंड्री प्रदर्शनासोबत भरणाऱ्या न्यूकास्ट या कास्टिंगच्या प्रदर्शनातली कार्डं मात्र नीट कळली. ते प्रदर्शन चार वर्षांनी येतं, म्हणजे कार्ड २०१९ चं तरी किंवा २०२३ चं तरी. एकाच कंपनीची दोन्ही वर्षांची कार्डं समोरासमोर ठेवली तेव्हा बऱ्याच ठिकाणी माणूसच बदललेला दिसला. जिथे साल कळलं नाही तिथे 'माहीत नाही' असं स्पष्ट लिहिलं. अंदाजाने भरलेलं साल नंतर खरं वाटायला लागतं.

आणखी एक नियम आजच घालून घेतला. ओळ खोडायची नाही. 'स्थिती' नावाच्या रकान्यात बाद होण्याचं कारण लिहायचं. मूळ फाइल वेगळी ठेवली आहे, तिला कोणी हात लावायचा नाही.

३ जुलै

आज फक्त अक्षरांची सफाई. एक्सेलच्या ट्रिम या सूत्राने पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा जातात असं आपण धरून चालतो. वेबपानावरून किंवा पीडीएफमधून कॉपी केलेल्या पत्त्यांत १६० क्रमांकाची मोकळी जागा असते, तिला ट्रिम हात लावत नाही. ती सबस्टिट्यूट सूत्राने वेगळी काढावी लागते. त्याहून त्रासदायक म्हणजे शून्य रुंदीचं अक्षर, क्रमांक ८२०३. डोळ्यांना दिसत नाही, क्लीन या सूत्रानेही जात नाही. पत्ता वरून शुद्ध आणि प्रत्यक्षात बाद. अक्षरांची लांबी मोजणारा एक रकाना घातला, आणि दिसतात त्यापेक्षा जास्त अक्षरं भरली ते पत्ते वेगळे काढले. तेव्हा कुठे ही सगळी सापडली.

बाकी नेहमीचा कचरा: 'मेलटू' हा शब्द पुढे चिकटलेला, शेवटी पूर्णविराम, एका चौकोनात अर्धविरामाने जोडलेले दोन पत्ते, अॅटच्या जागी चौकटी कंसात लिहिलेला 'अॅट'. हे सगळं सूत्रांनी निघालं.

कार्ड स्कॅन करणाऱ्या अॅपने केलेल्या चुका मात्र सूत्रांनी निघत नाहीत. आर आणि एन ही दोन अक्षरं शेजारी आली की अॅप एम वाचतं. एल आणि एक, ओ आणि शून्य यांची अदलाबदल तर सतत. यातून बनलेला पत्ता रचनेने अगदी योग्य असतो, तो कोणा दुसऱ्याचाही असू शकतो. नशिबाने मूळ कार्डं मिठाईच्या डब्यांत वर्षवार जपून ठेवलेली आहेत. अशी अक्षरं असलेले पत्ते गाळून काढले आणि एकेक कार्ड हातात घेऊन ताडले. दोन दिवस याचेच. कार्ड स्कॅन झालं की फेकून देऊ नका, एवढंच सांगेन.

७ जुलै

दुबार नावं काढली. अॅटच्या आधीच्या भागात लहान-मोठ्या लिपीचा फरक नियमाप्रमाणे धरता येतो, व्यवहारात कोणी धरत नाही, म्हणून सगळं लहान करून मगच तुलना केली. जीमेलच्या पत्त्यांत टिंबं काढून तुलना केली, कारण जीमेल टिंबं मोजतच नाही. हा नियम दुसऱ्या सेवांना लावायचा नाही.

दुबार सापडलं की कुठली ओळ ठेवायची? आधी वाटलं होतं, सर्वांत नवी. पण विकत घेतलेली यादी तारखेने नवी आणि विश्वासाने सर्वांत कमी. म्हणून क्रम असा लावला: आधी एन्क्वायरी, मग कार्ड, मग कॅटलॉग, शेवटी विकतची. 'कुठून आला' या रकान्यात मात्र दोन्ही उगम लिहून ठेवले.

जीमेलच्या स्पेलिंगमध्ये अक्षरं उलटसुलट झालेले, डॉट कॉमचा एम गळालेले असे पत्ते बरेच होते. ते सरसकट दुरुस्त करण्याचा मोह होतो. आम्ही फक्त मूळ कार्डावर किंवा जुन्या मेलमध्ये बरोबर पत्ता दिसला तिथेच दुरुस्त केले, बाकी बाद. असे चुकीच्या स्पेलिंगचे डोमेन काही जण मुद्दाम घेऊन ठेवतात आणि त्यावर येणाऱ्या मेलवरून गलथान पाठवणारे ओळखतात. तिथे मेल परत येत नाही, मुकाट स्वीकारला जातो. नाव तुमचं खराब होतं आणि कळतही नाही.

उरल्या साधारण ३,६०० ओळी.

९ जुलै

डोमेनची तपासणी. पायथॉन भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहिली: प्रत्येक डोमेनला एमएक्स नोंद (त्याचे मेल कोणता सर्व्हर घेतो ते सांगणारी) आहे का ते बघायचं. नसेल तर ए नोंद (सर्व्हरचा इंटरनेटवरचा, म्हणजे आयपी पत्ता सांगणारी) बघायची, कारण एमएक्स नसताना मेल त्या पत्त्यावर पोचवण्याची मुभा नियमात आहे. काही डोमेनच्या एमएक्समध्ये फक्त एक टिंब असतं. त्याचा अर्थ 'आम्ही मेल घेतच नाही'. ही पद्धत २०१५ पासून प्रमाण आहे. असे पत्ते बिनशर्त बाद.

स्क्रिप्टने पहिल्या फेरीत एवढी डोमेनं मृत दाखवली की शंका आली. त्यात आमचं एक चालू गिऱ्हाईकही होतं. कारण असं निघालं की डोमेन अस्तित्वातच नाही हे उत्तर आणि नेमसर्व्हरने (डोमेनच्या नोंदी सांगणाऱ्या सर्व्हरने) वेळेत उत्तर दिलं नाही हा प्रकार, दोन्ही स्क्रिप्टमध्ये एकाच खान्यात पडत होते. पाऊस जोरात, लाइट दोनदा गेली, ब्रॉडबँड खालीवर होत होता. तेवढ्या वेळातली सगळी डोमेनं 'मृत' झाली होती. आता तीन खाने केले: नाही, आहे, पुन्हा विचारा. तिसऱ्या खान्यातली दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या नेमसर्व्हरकडून पुन्हा विचारली. बहुतेक सगळी जिवंत निघाली. स्वतः स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी हा फरक पहिल्या ओळीपासून ठेवावा.

देशातल्या जुन्या कार्डांवर व्हीएसएनएल, संचारनेट, डेटावन या जुन्या इंटरनेट सेवांचे पत्ते भरपूर. डायल-अपच्या आणि सुरुवातीच्या ब्रॉडबँडच्या काळात कारखानदाराकडे हेच असायचं. व्हीएसएनएल २००२ मध्ये टाटांकडे गेली आणि २००८ मध्ये तिचं नावही बदललं. तरी त्या काळची कार्डं अजून आमच्या डब्यांत आहेत. हे पत्ते डोमेन जिवंत आहे की नाही यावर सोडले नाहीत, सरळ 'फोन करा' गटात टाकले. इचलकरंजी, सांगली, बेळगावचे ओळखीतले लोक आहेत, फोन पुरतो.

विकलं गेलेलं किंवा मुदत संपून दुसऱ्याने घेतलेलं डोमेन या तपासणीत पास होतं. त्यावर एमएक्स असतो, कधी तर मुद्दाम ठेवलेला असतो. म्हणून २०१८ पूर्वीच्या प्रत्येक डोमेनचं संकेतस्थळ उघडून बघितलं. वेळ खाऊ काम, पण त्यातून बंद पडलेल्या, विलीन झालेल्या कंपन्या बऱ्याच निघाल्या.

उरल्या ३,१५० च्या आसपास.

१४ जुलै

पत्ता खरोखर आहे का हे स्वतःच एसएमटीपीने (मेल सर्व्हर एकमेकांशी बोलतात त्या पद्धतीने) विचारून बघावं, पैसे वाचतील, असा विचार होता. पद्धत सोपी असते: समोरच्या सर्व्हरला गाठायचं, अमुक माणसाला मेल द्यायचा आहे म्हणायचं, आणि 'हो' किंवा 'नाही' ऐकून मजकूर न देताच निघून यायचं. फोन लावून 'साहेब आहेत का' विचारावं आणि 'आहेत' ऐकल्यावर ठेवून द्यावा, तसं.

पहिली अडचण म्हणजे आमच्या ब्रॉडबँडवर २५ क्रमांकाचं पोर्ट (सर्व्हरला मेल देण्याचं दार) बंद. क्लाउडवर भाड्याने मशीन घेतलं तर मोठ्या कंपन्या तिथेही हे पोर्ट मुळातच बंद ठेवतात, आणि ते योग्यच आहे. एका ओळखीच्याच्या सर्व्हरवरून थोडे पत्ते तपासले तर उत्तरं अशी आली: काहींनी ४५१ देऊन 'थोड्या वेळाने या' म्हटलं, काहींनी कुठल्याही नावाला 'हो' म्हटलं, काहींनी सर्व्हरची ओळख पटत नाही म्हणून दारातूनच परत पाठवलं. शिवाय असं विचारत सुटणाऱ्या आयपीला पत्ते चोरणारा समजतात आणि त्या ओळखीच्याचा सर्व्हर काळ्या यादीत जाण्याची वेळ येते. त्याचे स्वतःचे गिऱ्हाईक त्याच सर्व्हरवर आहेत. लगेच थांबवलं.

आठवड्यातला बराच वेळ यात गेला. लहान कारखान्याने या वाटेला जाऊ नये. हेच काम करून देणाऱ्या तपासणी सेवा एका पत्त्याला पन्नास पैशांच्या आसपास घेतात, तेवढ्यासाठी हे करण्यात अर्थ नाही.

१७ जुलै

सेवा निवडण्याआधी तिची परीक्षा घेतली. उत्तर आम्हाला आधीच माहीत आहे असे शंभर पत्ते काढले: गेल्या महिन्यात ज्यांच्याशी खरोखर पत्रव्यवहार झाला ते साठ, कंपनी सोडून गेल्याचं पक्कं माहीत असलेली पंचवीस माणसं, आणि त्याच डोमेनवर मनाने बनवलेली पंधरा नावं. हे शंभर दोन सेवांना दिले.

बनवलेली नावं दोन्हींनी बहुतेक ओळखली. काही ठिकाणी 'सगळंच स्वीकारणारं डोमेन' असं उत्तर आलं, ते प्रामाणिक उत्तर आहे. सोडून गेलेल्या माणसांचे पत्ते मात्र बरेचसे 'चालू' निघाले, आणि ते तांत्रिकदृष्ट्या खरंच आहे. बऱ्याच कंपन्या गेलेल्या माणसाचा मेलबॉक्स बंद करत नाहीत, तो त्याच्या जागी आलेल्याकडे वळवतात. सेवेला पेटी दिसते, माणूस दिसत नाही.

जिवंत साठांपैकी काही एका सेवेने सरळ 'बाद' ठरवले. मोठ्या कंपन्यांच्या पुढ्यात येणारा मेल आधी तपासणारे सुरक्षा गेटवे असतात, ते अनोळखी विचारणाऱ्याला नीट उत्तर देत नाहीत. दुसऱ्या सेवेने तेच पत्ते 'कळत नाही' म्हणून दिले. आम्ही ही दुसरी घेतली. जिवंत गिऱ्हाइकाला मृत म्हणणारी सेवा नको. 'कळत नाही' चाललं, तिथून पुढे आपण बघू शकतो.

२१ जुलै

३,१५० ओळी तपासून आल्या. सरसकट आकडा बघितला तर जवळपास दोन तृतीयांश चालू. इथेच थांबलो असतो तर मार्चसारखाच प्रकार पुन्हा झाला असता. 'कुठून आला' या रकान्याप्रमाणे गट पाडले तेव्हा यादी खरी दिसली.

एन्क्वायऱ्यांतले दहातले नऊ चालू. कार्डांत २०२३ नंतरचे बहुतेक चालू, २०१९ चे निम्म्यावर, त्याआधीचे फारच थोडे. कॅटलॉगमधले चालू खूप, पण निम्म्याहून अधिक इन्फो, सेल्स, सपोर्ट असल्या सामायिक पेट्या.

आणि विकतच्या यादीचा निकाल सगळ्यांत छान. एन्क्वायऱ्यांच्या जवळपास. हे पाहून आधी आनंद झाला, मग प्रश्न पडला. विक्रेता विकण्याआधी हीच तपासणी करून घेत असेल तर निकाल चांगला येणारच. म्हणून त्यातली पन्नास नावं उचलून एकेक कंपनी उघडून बघितली. परचेस किंवा इंजिनिअरिंगमधली जेमतेम डझनभर. बाकीत इस्पितळं, जागांचे दलाल, मनुष्यबळ खात्यातली माणसं. काही पत्ते त्या कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा कुठेच जाहीर नव्हते, म्हणजे ते कसे मिळवले असतील हा प्रश्नच. अशा यादीत सापळ्याचे (स्पॅम पाठवणारे पकडायला ठेवलेले) पत्ते असतील तर तेही 'चालू'च दिसतात, कारण सापळ्याचं कामच मेल स्वीकारणं आहे.

२२ जुलै

विकतची यादी पूर्ण काढायची असं आप्पांना सांगितलं. कारखाना त्यांनी उभा केलाय, खर्चाचा प्रत्येक कागद ते बघतात.

"पैसं मोजून घेतल्यात की ती नावं. आन् मशीन तर चालू हायत म्हणतंय."

"आप्पा, पेट्या चालू आहेत. पण यात पंपवाले किती, ते तुम्हीच बघा." पन्नासची शीट त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी चष्मा लावून खालपर्यंत वाचली. "ह्यो तर दवाखाना हाय." मग म्हणाले, "कंपन्यांची नावं तेवढी बघा. पंप, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसर असतील त्या ठेवा. पत्तं आपण नव्यानं काढू."

हा मार्ग माझ्या डोक्यात नव्हता आणि तो फार उपयोगी पडला. यादीतल्या पत्त्यांना हात न लावता सत्तरेक कंपन्यांची फक्त नावं घेतली. त्यांतल्या बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर पुरवठादार नोंदणीचं स्वतंत्र पान आहे. तिथे अर्ज भरला की मेल करण्याची गरजच उरत नाही. अर्जात फाउंड्रीची क्षमता, मटेरियल ग्रेड, प्रमाणपत्रं सगळं विचारतात, आणि वाचणारा माणूस नेमका हवा तोच असतो.

२४ ते २८ जुलै

'सगळंच स्वीकारणारं डोमेन' आणि 'कळत नाही' हे दोन ढीग, मिळून सहाशेच्या वर. हे टाकून द्यावेत असं बरेच जण सांगतात. आमच्या धंद्यात ते परवडत नाही. नेमक्या मोठ्या, जुन्या इंजिनिअरिंग कंपन्याच यात असतात, कारण गेटवे त्यांच्याकडेच असतात.

म्हणून फोन. इंग्लंडमध्ये सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड, इटलीत साडेबारा. जेवण लवकर उरकून एक ते पाच फोनचा वेळ ठेवला. कंपनीच्या स्विचबोर्डवर फोन करून एवढंच विचारायचं: कास्टिंगची खरेदी सध्या कोण बघतं, आणि त्यांना आमची माहिती मेलने पाठवली तर चालेल का. बहुतेक ठिकाणी नीट उत्तर मिळालं. 'चालेल' म्हटलं तर तारीख, वेळ आणि कोणी म्हटलं ते हुद्द्यासकट शीटमध्ये. काहींनी स्पष्ट नको म्हटलं, तेही लिहिलं. ते नाव आता कधीच जाणार नाही.

सामायिक पेट्यांचं काय करायचं यावर विचार झाला. इन्फो आणि सपोर्ट काढले. परचेस किंवा सोर्सिंग नावाची पेटी मात्र ठेवली. मधल्या आकाराच्या पंप कंपन्यांत ती पेटी दोन-तीन खरेदीदार रोज उघडतात, माणूस बदलला तरी पेटी टिकते.

रोज तीसेक फोन झाले की घसा बसतो. दुसऱ्या कोणी करणार असेल तर दोघांत वाटून घ्या.

२९ जुलै

देशवार कायदा. आधी हे शेवटी ठेवलं होतं, पण यादीतली एक अख्खी तुकडी यानेच बाद झाली, म्हणजे हे तपासणीच्या आधीच व्हायला हवं.

जर्मनी: अनुचित स्पर्धेविरुद्धच्या कायद्याचं कलम ७. जाहिरातीचा मेल पाठवायला आधी स्पष्ट संमती लागते आणि कंपन्यांनाही तोच नियम. न्यूकास्टची निम्मी कार्डं जर्मन. ज्यांनी आम्हाला स्वतः लिहून माहिती मागवली होती ती तेवढी ठेवली. बाकीच्यांना टपालाने पत्र पाठवणार, सोबत कास्टिंगचे फोटो आणि मोजमापांचा एक कागद.

कॅनडाचा २०१४ पासून लागू झालेला कायदाही कडक. पत्ता जाहीर लावलेला असेल, 'मेल पाठवू नये' असं शेजारी लिहिलेलं नसेल आणि विषय त्या माणसाच्या कामाचा असेल, तर चालतं. प्रत्येक कॅनडियन ओळीला पत्ता जिथे दिसला त्या पानाची तारखेसह प्रत जोडली. अमेरिकेत २००३ च्या कायद्याने पाठवता येतं, पण पाठवणाऱ्याचा टपालाचा पत्ता आणि नको म्हणण्याची सोय हवी, आणि 'नको' म्हटल्यावर दहा कामकाजी दिवसांत नाव निघायला हवं. इंग्लंडमध्ये कंपन्यांना लिहिता येतं. एकट्याने धंदा करणाऱ्याला मात्र सामान्य व्यक्तीचेच हक्क. अशी नावं काढली.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झालाय, जुलै २०२५ मध्ये त्याचे नियम अंतिम झाले नव्हते. तरी उगम आणि तारखेचे रकाने असतील तर उद्या कोणी 'माझा पत्ता कुठून मिळाला' विचारलं तर खरं उत्तर देता येईल. आजही ते देता यायला हवं.

१ ऑगस्ट

पाठवण्यासाठी वेगळं डोमेन घेतलं, कंपनीच्या नावाशी मिळतं, आणि ते उघडल्यावर मुख्य संकेतस्थळच दिसतं. हे फक्त डिस्पॅचचे कागद सुरक्षित राहावेत म्हणून. घाण यादी पाठवायला वेगळं डोमेन वापरणं हा उपाय नाही. ते जळलं की दुसरं, मग तिसरं, आणि वाचणाऱ्याला त्रास तोच.

नव्या डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरोखर आपल्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या तीन नोंदी) लावलं. ते करताना मुख्य डोमेनही बघितलं तर तिथे एसपीएफच्या दोन नोंदी. एक मेलची, दुसरी ईआरपी (कारखान्याचे हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवताना कोणीतरी घातलेली. एका डोमेनला दोन नोंदी असल्या की तपासणी चूक म्हणून बाद होते, दोन्ही नोंदी निरुपयोगी. म्हणजे मार्चच्या घटनेत यादीइतकाच याचाही हात असणार. दोन्ही एकत्र करून एकच नोंद केली, आणि आत दहापेक्षा जास्त नेमसर्व्हर चौकश्या होत नाहीत ना तेही मोजलं, कारण ती मर्यादा आहे.

गुगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून, आणि मायक्रोसॉफ्टने मे २०२५ पासून मोठ्या संख्येने पाठवणाऱ्यांना हे सगळं सक्तीचं केलंय. आमची संख्या त्याच्या जवळपासही नाही. पण जीमेलची तक्रारींची मर्यादा ०.३ टक्के आहे, म्हणजे हजारात तीन. रोज पंचवीस मेल पाठवणाऱ्याकडे तर एक तक्रारसुद्धा मोठी.

५ ऑगस्ट

सुरुवात एन्क्वायऱ्यांच्या गटापासून. रोज पंचवीस, समोरच्याच्या सकाळी. साधा मजकूर, चित्र नाही, जोडपत्र नाही, शेवटी 'नको असेल तर एवढंच लिहा' अशी ओळ.

परत आलेल्या सगळ्या मेलना मेलमर्जचं (एकच मजकूर प्रत्येकाच्या नावाने पाठवणारं) टूल एकच नाव देतं आणि पत्ता कायमचा बंद करतं. पहिल्याच दिवशी त्याने एक चांगला पत्ता बंद केला. परतीचा मेल उघडून वाचला तर कोड ५.७.१ होता. तो पत्ता नाही असं म्हणत नाही, तुमच्याकडून घेणार नाही असं म्हणतो. आता परतीचा प्रत्येक मेल हाताने वाचतेय. ५.१.१ म्हणजे माणूस नाही, बाद. ५.४.१ मायक्रोसॉफ्टकडून आला तर बहुधा त्यांच्या नोंदवहीत ते नावच नसतं, तेही बाद. २.२ वर संपणारा कोड म्हणजे पेटी भरलेली. महिन्याने पुन्हा एकदा, तेव्हाही भरलेली तर कोणी बघत नाही असं धरायचं. ४ ने सुरू होणाऱ्या कोडवर काही करायचं नाही, सर्व्हर स्वतः पुन्हा प्रयत्न करतो.

१३ ऑगस्ट

इटलीकडून आपोआप आलेल्या उत्तरांचा पाऊस. १५ ऑगस्टच्या आसपास तिथे कारखानेच बंद असतात. इटलीची नावं सप्टेंबरवर ढकलली. पण ही उत्तरं वाचण्यासारखी असतात. 'अमुक आता इथे नाहीत, कास्टिंगसाठी तमुक यांना लिहा' असं दोन-तीन ठिकाणी मिळालं. नवा पत्ता घेतला, उगम लिहिला: 'ऑटो रिप्लाय, ऑगस्ट २०२५'.

आज एक गंभीर गोष्ट घडली. गेल्या आठवड्यात ज्यांनी नको म्हटलं होतं त्यांच्यातल्या एकाला पुन्हा मेल गेला. त्यांचं नाव एन्क्वायरीच्या ओळीत बंद केलं होतं, पण कॅटलॉगमधून त्यांचाच दुसरा पत्ता आला होता, मधलं आडनाव जोडलेला. दुबार तपासणीत दोन पत्ते वेगळे म्हणून दोन्ही राहिले. त्यांना फोन करून माफी मागितली.

दुरुस्ती अशी केली: 'पाठवू नका' ही वेगळी शीट, तिच्यात पत्ता, नाव आणि कंपनी तिन्ही. पाठवण्याआधी प्रत्येक तुकडी या शीटशी तिन्ही रकान्यांनी ताडायची. नाव आणि कंपनी जुळली तर पत्ता वेगळा असला तरी थांबायचं. ही शीट कधीही रिकामी करायची नाही, यादी नवी केली तरी.

२२ ऑगस्ट

४,१८० ओळींमधून पाठवण्यालायक साधारण ८७० उरल्या, जर्मनीची टपालाची नावं वेगळी. आजवर तीनशेच्या वर मेल गेले, परत आलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. उत्तरं वीसच्या आत, पण त्यात दोघांनी ड्रॉइंग पाठवून भाव मागितलाय. एक तर व्हॉल्व्ह बॉडीचं, आमच्या साच्याच्या मापात नीट बसणारं. मुख्य डोमेनवरून गेलेले डिस्पॅचचे कागद गिऱ्हाइकांच्या इनबॉक्समध्येच पोचतायत, दर आठवड्याला फोन करून खात्री करते.

खर्च: तपासणी सेवा सोळाशे रुपये, डोमेन हजाराच्या आत, एका मेलबॉक्सचं महिन्याचं भाडं, परदेशी फोन बाराशे. विकतच्या यादीला दोन वर्षांपूर्वी याच्या कितीतरी पट गेले होते. खरा खर्च वेळेचा आहे. सात-आठ आठवडे माझा रोजचा निम्मा दिवस यातच गेला, आणि त्यातला मोठा भाग फोन आणि कार्डं ताडण्यात. तपासणी सेवेचं काम तर एका दुपारचं होतं.

पुढे: तपासून तीन महिने झालेली ओळ पुन्हा तपासल्याशिवाय जाणार नाही, तसा तारखेचा रकाना लावलाय. २७ तारखेला गणपती बसतील, त्यानंतर ऑफिसात उत्तर द्यायला पूर्ण वेळ कोणी नसेल. भाव मागणाऱ्याला आठवडाभर ताटकळत ठेवायचं नाही, म्हणून पाठवणं थांबवलं. पुढची तुकडी ८ सप्टेंबरला, २०२३ च्या कार्डांची. २०१९ च्या कार्डांना त्याआधी फोन.